आण्णांबरोबर खोर-अल-अदैदला

दोह्यात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाचा पहिला प्रश्न मुलांच्या शाळेचा असतो, दुसरा ज्वारीचं पीठ कुठे मिळतं हा, आणि महिनाभरात तिसरा येतोच: "शुक्रवारी जायचं तरी कुठे हो?" मॉल दोन वेळा बघून होतात. कॉर्निशवर फिरून होतं. अ‍ॅस्पायर पार्कातल्या तळ्याकाठी बदकांकडे बघत पुऱ्या-बटाट्याची भाजी खाऊन होते. तळं छान आहे, झाडं आहेत, हिरवळ आहे, पण ते सगळं माणसाने आणून ठेवलेलं. कतारमध्ये नदी नाही, ओढा नाही. आपल्याकडे प्रत्येक गावाच्या कथेत एक नदी असते, तशी सवय झालेल्या माणसाला इथे पहिलं वर्ष जरा कोरडंच जातं.

म्हणून नव्या मंडळींना मी एकच सल्ला देतो. हिवाळा येऊ द्या, ओळखीच्या दोन-तीन गाड्या जमवा आणि खोर-अल-अदैदला जा. आम्ही गेलो होतो त्याची ही हकीकत. यात थोडी फजितीही आहे, ती माझी.

खोर म्हणजे खाडी. कतारच्या अगदी आग्नेय टोकाला, दोह्यापासून साधारण ऐंशी किलोमीटरवर, समुद्र एका चिंचोळ्या, दहाएक किलोमीटर लांबीच्या वाटेने जमिनीत शिरतो आणि आत वाळूच्या टेकड्यांच्या कुशीत मोठ्या तळ्यासारखा पसरतो. इंग्रजीत याला 'इनलँड सी' म्हणतात, आमच्या घरात 'आतला समुद्र' हे नाव रूढ झालंय. पलीकडच्या काठाला दिसते ती सौदी अरेबियाची जमीन. टेकड्या काही ठिकाणी चाळीसेक मीटर उंचीच्या आणि त्या सरळ पाण्यात उतरतात. इकडे वाळू, तिकडे पाणी, मध्ये झाड म्हणून नाही. पाणी आत आलं की बाहेर जायला वाट अरुंद आणि वर ऊन असं, की आतलं पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षाही खारट होतं. २००७ साली हा भाग राखीव झाला आणि २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचं नाव आहे. पक्का रस्ता मात्र नाही. मेसईदच्या पुढे सीलाइनला डांबर संपतं आणि तिथून पुढे ज्याची त्याची गाडी आणि ज्याचं त्याचं नशीब.

मेसईद तुमच्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचं असणार, कारण आपली बरीच माणसं तिथल्या कारखान्यांत आहेत. जुनं नाव उम्म सईद. १९४९ सालच्या शेवटच्या दिवशी कतारचं पहिलं तेल इथूनच जहाजावर चढलं. रोज चिमण्या आणि पाइप बघत कामावर जाणाऱ्या आम्हा लोकांना त्याच रस्त्याने अर्धा तास पुढे गेलं की असं काही आहे, हे कळायला वर्ष-दोन वर्षं लागतात. मला तर चार लागली!

२०१९ च्या जानेवारीत आण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे ठीक, कान तिखट. आयुष्यभर शेती. आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, पळसदेवच्या बाजूचं, भीमेच्या काठचं. 'होतं' म्हणायला हवं, कारण १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. मी तेव्हा सहा वर्षांचा. मला आठवतं ते एवढंच, की घराचे वासे आणि दारं बैलगाडीत भरून वरच्या माळावर नेली होती आणि दाराच्या चौकटीवर बसून मी गूळ-शेंगदाणे खाल्ले होते. आण्णांना काय काय आठवत असेल ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

फ्लॅटमध्ये आण्णांचा जीव रमेना. सकाळी सहाला उठून बाल्कनीत. खाली वॉचमन काय करतो ते बघायचं, परत आत. मॉलमध्ये नेलं तर म्हणाले, "एवढं मोठं दुकान, पन वळखीचं एक मानूस न्हाई." सूनबाईंनी केलेलं पिठलं-भाकरी खाऊन खूश व्हायचे आणि पुन्हा बाल्कनी. चौथ्या दिवशी विचारलं, "तिकीट कधीचं हाय रं?" तेव्हा मी आमच्या कोल्हापूरकर मित्रांना फोन लावला. हे गृहस्थ वीस वर्षं इथे आहेत आणि वाळूत गाडी चालवणं या विषयावर रात्रभर बोलू शकतात. शुक्रवारी निघायचं ठरलं. त्यांची लँड क्रूझर, रत्नागिरीकरांची एक गाडी आणि माझी वर्षापूर्वी घेतलेली जुनी पजेरो. बायकांनी डबे केले: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे ठेपले (आमच्या शेजारच्या गुजराती भाभींचं योगदान), लाडू, चहाचे तीन थर्मास.

सीलाइनला टायरमधली हवा काढतात. पस्तीसवरून पंधरा-सोळापर्यंत. टायर पसरट झाला की वाळूवर भार पसरतो आणि चाक रुतत नाही. हवा काढून देणारी माणसं तिथे असतात, चार पैसे घेतात. आण्णा खाली उतरून बघत होते.

"फुगीवलेल्या चाकातली हवा पैसं दिऊन काढून घेतोस व्हय?"

मी समजावणार, एवढ्यात त्यांचं लक्ष बाजूला बसलेल्या उंटांकडे गेलं. पर्यटकांना फिरवायला झुली घालून बसवलेले असतात ते. त्यातला एक उठला, चार पावलं चालला. आण्णांनी त्याच्या पायाकडे बोट केलं. "बगा. पसरट हाय का न्हाई? झालं तर मग." कोल्हापूरकर मला म्हणाले, "मी इथे नव्या लोकांना हेच अर्धा तास सांगत असतो."

सकाळी लवकर जावं ते सावल्यांसाठी. सूर्य कलता असला की टेकडीची धार दिसते, चढ कुठे संपतो आणि उतार कुठे तुटतो ते कळतं. भर दुपारी सगळी वाळू एकसारखी पांढरी होते आणि माथ्यावर पोचेपर्यंत पुढे कडा आहे की सपाटी याचा पत्ता लागत नाही. बहुतेक अपघात असेच होतात. टेकड्याही एका जागी राहत नाहीत. शमाल नावाचा वायव्येचा वारा त्यांना हळूहळू आग्नेयेकडे ढकलतो आणि शेवटी त्या समुद्रात जातात. म्हणजे गेल्या वर्षीची वाट या वर्षी तिथेच असेल असं नाही. मागे मुलं किंचाळत होती, आण्णा वरची मूठ धरून म्हसोबाचं नाव घेत होते, पण डोळे उघडे होते.

टेकड्या ओलांडल्यावर किनाऱ्यालगत सपाट जमीन लागते. तिला सबखा म्हणतात. वर मिठाचा कडक पापुद्रा, दिसायला क्रिकेटच्या पिचसारखी गुळगुळीत. पुढच्या दोन गाड्या चाकोरी धरून लांबून वळसा घेत गेल्या. मी फोटो काढायला थांबलो होतो, मागे पडलो आणि म्हटलं, सरळ मधून घेऊ. (हे वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखं वापरतात.)

"थांब," आण्णा म्हणाले. "वल्ली हाय ती."

"अहो आण्णा, इथे वर्षात चार वेळा पाऊस पडत नाही."

"पावसाचं कोन म्हनतंय? रंग बग की. कडंला फिकी हाय, मदी काळपट हाय."

मी सतरा वर्षं इंजिनिअर आहे. मी गाडी घातली. तीस-चाळीस मीटर गेलो असेन, पापुद्रा फुटला आणि पजेरो पोटापर्यंत बसली. खाली राखाडी, चिकट चिखल. मी घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबला तशी आणखी चार बोटं खाली.

"बंद कर," आण्णा म्हणाले. एवढंच. पुढे त्यांनी मला एका शब्दाने टोचलं नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

उजनीकाठच्या वाचकांना गाळपेर सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. धरणाचं पाणी उतरायला लागलं की काठची जमीन उघडी पडते, वर नुसता गाळ. पाणी जसजसं मागे जातं तसतसं शेतकरी त्या गाळात पेरत पेरत आत जातात. जमीन कोणे एकेकाळी त्यांचीच असते. पीक फुकटच्या ओलीवर येतं, पण गाळ फसवा. वरून वाळून भेगाळलेला दिसतो आणि खाली लोण्यासारखा असतो. बैल गेला की गेला. आण्णांनी चाळीस वर्षं असा गाळ तुडवलाय.

त्यांनी चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि अनवाणी उतरले. टाच दाबत दाबत गाडीभोवती फिरले, मग मागच्या बाजूने आमच्याच चाकोरीतून काठापर्यंत गेले. जिथे टाच रुतत नव्हती तिथे तिथे वाकून बोटाने फुली मारली. परत येऊन म्हणाले, "म्होरं जायाचं न्हाई. आलो तसंच माघारी. चाकाम्होरचं न्हाई, चाकामागचं उकरा." मुलांना पोळपाटासारख्या ताटल्या दिल्या उकरायला, सूनबाईंची चटई आणि गाडीतली पायपुसणी चाकांमागे घातली. फोन लागत नव्हता. समुद्राकडच्या बाजूला एक चर होती, मगाशी कोरडी होती, आता तिच्यात पाणी चमकत होतं. भरती फार मोठी नसते इथे, पण सपाट जमिनीवर बोटभर पाणी चढलं तरी ते कुठवर येईल सांगता येत नाही. मी दर दोन मिनिटांनी तिकडे बघत होतो. आण्णांनी तिथेही एक खडा ठेवला होता, पाणी कुठे आलं ते कळायला. तो खडा भिजलेला मी पाहिला. बायकोला सांगितलं नाही.

आमची गाडी मागे दिसेना म्हणून कोल्हापूरकर परतले. त्यांच्याबरोबर वाटेत भेटलेली दोन कतारी पोरंही होती, विशी-बाविशीची, स्वतःची मोठी गाडी आणि लांबलचक पट्टा घेऊन आलेली. त्यातला एक गाडी पुढे घेणार तेवढ्यात आण्णांनी दोन्ही हात वर केले आणि स्वतःच्या फुल्यांपाशी जाऊन उभे राहिले. पोराने खाली उतरून जमीन बघितली, आण्णांकडे बघितलं, मान डोलावली आणि गाडी बरोबर शेवटच्या फुलीशी आणून लावली. दोन पट्टे जोडले. तिसऱ्या ओढीला पजेरो बाहेर आली आणि आमची चटई चिखलात गेली ती गेलीच. आण्णांनी त्या दोघांच्या हातावर लाडू ठेवले. त्यांनी खजूर आणि वेलदोड्याचा कडू कावा दिला. आण्णांनी कावा तोंड वाकडं न करता संपवला, हा त्या दिवसातला मोठा पराक्रम म्हणायला हवा.

तर मंडळी, एकट्या गाडीने जाऊ नका, ओढायचा पट्टा आणि फावडं बरोबर ठेवा, पाणी हवं त्याच्या दुप्पट घ्या, अंधाराच्या आत परत फिरा. आणि गाडीत कुणी जुनं जाणतं माणूस 'थांब' म्हणालं तर थांबा.

दुपारी एक-दीडला आम्ही खोरच्या काठी पोचलो. शेवटच्या टेकडीवरून ते पाणी एकदम दिसतं. वर्णन करायला मी लेखक नाही. निळं, हिरवं आणि कडेला जवळजवळ पांढरं. वारा पडला होता. मुलं टेकडीवरून लोळत लोळत खाली गेली. डबे उघडले. वर एक कैकर, म्हणजे मासेखाऊ घार, घिरट्या घालत होती. इथल्या बेटांवर त्यांची घरटी असतात. या बाजूच्या समुद्रात कासवं आणि समुद्रगायीही आहेत म्हणे, आम्हाला काही दिसल्या नाहीत.

पलीकडे उथळ पाण्यात एक फिकट गुलाबी रेघ होती. मुलाने दुर्बीण लावली आणि ओरडला, "आजोबा, फ्लेमिंगो! आपल्या भिगवणला येतात तेच!"

आम्ही दोघं नवरा-बायको गप्प झालो. भिगवणला रोहित पक्षी बघायला हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून गाड्या भरून लोक येतात. नावाडी त्यांना होडीतून जवळ नेतात. चांगला धंदा आहे, आमच्या भावकीतली दोन मुलंही तो करतात. पण आण्णा कधी गेले नाहीत. एकदा मीच आग्रह केला होता, तेव्हा म्हणाले होते, "आपल्या घरावर होडी घालून पाखरं बगायची व्हय?" त्यानंतर तो विषय आमच्यात निघाला नव्हता.

आण्णा पाण्यापर्यंत गेले. चिखलाचे पाय धुतले. बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकले. बराच वेळ उभे होते. मग मला हाक मारली.

"हितं कुनाचं गाव गेलं?"

"कुणाचंच नाही, आण्णा. धरण नाही हे. समुद्रच आत आलाय, आपला आपण. हजारो वर्षांपूर्वी."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी नातवाकडे हात केला आणि दुर्बीण मागितली. तो त्यांना चाक फिरवून दाखवत होता, ते त्याला गप म्हणत होते. मग म्हणाले, "आरं, ह्यो मान खाली घालून उलट्या तोंडानं खातोय की!" मी सांगितलं, की चोच पाण्यात उलटी धरून ते पाणी आत ओढतात आणि बाहेर सोडतात, किडे-शेवाळ तेवढं आत अडकतं. "चाळन," आण्णा म्हणाले. मग मोजायला लागले. एकशे चाळीसपर्यंत मोजले, थवा हलला, पुन्हा पहिल्यापासून. ते कुठून येतात विचारलं. इराणमध्ये उर्मिया नावाचं खारं सरोवर आहे, तिथे पायात कडी चढवलेले रोहित आखातात सापडलेत आणि आपल्याकडे हिंदुस्थानातही, असं मी वाचलेलं सांगितलं. "म्हंजी ह्यातलं एखादं आपल्याकडं बी येत आसंल," ते म्हणाले आणि मोजत राहिले. चहा तिथेच नेऊन दिला.

परत निघताना आम्ही आमचा कचरा गोळा केला आणि आमचा नसलेलाही दोन पिशव्या भरला. प्लॅस्टिकच्या ताटल्या, कोळसा, लहान मुलांचे डायपर! राखीव जागेत ही तऱ्हा. यात आपले लोक नसतात असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एका पिशवीवर नाशिकच्या चिवड्याचं नाव होतं.

आण्णा त्यानंतर आणखी पाच आठवडे राहिले. तिकिटाचं पुन्हा विचारलं नाही. दोन शुक्रवार आम्ही उत्तरेला अल-ठखीराच्या खारफुटीत गेलो, तिथेही त्यांनी उतरल्याबरोबर टाचेने जमीन दाबून बघितली.

आता एक कबुली. मी त्यांना 'नक्की' म्हणालो ते पुरतं खरं नव्हतं. पुढे लॉकडाऊनच्या दिवसांत आखाताचा इतिहास वाचत होतो, त्यात अदैदचं नाव आलं. अबू धाबीच्या बनी यास टोळीतली कुबैसात नावाची एक शाखा, मोती काढणारे लोक, तिथल्या शेखांशी बिनसलं म्हणून या खोरवर येऊन राहिली होती. एकदा नाही, तीनदा: १८३५, १८४९ आणि १८६९ साली. पाण्याने त्यांचं काही बुडवलं नाही, पण वस्ती होती आणि मोडली.

त्या रविवारी फोनवर आण्णांना सांगितलं. आधी नको वाटत होतं, पण 'नक्की' म्हटलेलं मनात राहिलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग ती मान्सं गेली कुटं?"

"माघारी. शेवटच्या खेपेला दहाएक वर्षं राहिले, मग तडजोड झाली आणि १८८० च्या सुमाराला परत अबू धाबीला गेले."

"त्यांचं गाव होतं जाग्यावर?"

"होतं."

"मग बरं झालं," आण्णा म्हणाले. थोडं थांबून विचारलं, "आन ती पाखरं आली का ह्या साली?"